तास घ्यायला शिकताना

जून-जुलैत वेळापत्रक हातात पडतं. तुमच्या नावापुढे तीन-चार पेपर असतात. त्यातला एखादा तुम्ही एम.ए.ला घेतलेलाच नव्हता, दुसरा अभ्यासक्रम बदलल्यामुळे विभागात सगळ्यांनाच नवा असतो. समोर बसणारी मुलं तुमच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, काही तर त्याहून कमी. पहिल्या तासाच्या आदल्या रात्री झोप लागत नाही आणि मनात एकच विचार फिरत राहतो: आपल्याला हे जमेल ना?

या भीतीला कारण आहे आणि ते तुमच्या स्वभावात शोधू नये. माध्यमिक शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं तर बी.एड. लागतं. त्यात सराव पाठ घ्यावे लागतात, मागच्या बाकावर निरीक्षक बसतात, वहीत शेरे मिळतात. वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायला नेट, सेट किंवा पीएच.डी. पुरते. नेट-सेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर काही प्रश्न असतात, पण तेही पर्यायातून उत्तर निवडण्याचे. विषय येतो की नाही याची कसून परीक्षा होते. तासभर सत्तर मुलांसमोर तो विषय उलगडता येतो की नाही, हे मुलाखतीतल्या काही मिनिटांच्या नमुना पाठापलीकडे फारसं कुणी पाहत नाही. न शिकवलेलं काम एका सकाळी अचानक करायला लागलं की कुणाचेही पाय लटपटतील.

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये, माणसाला ‘हे मला जमेल’ असं कशामुळे वाटू लागतं, याची मांडणी केली. इतरांनी दिलेला धीर, इतरांना ते काम करताना पाहणं, या गोष्टींचा उपयोग होतो, पण सर्वांत भक्कम आधार असतो तो स्वतः ते काम नीट पार पाडल्याच्या अनुभवाचा. म्हणून आत्मविश्वास आला की मग चांगलं शिकवीन, अशी वाट पाहू नका. तासाचे जे छोटे छोटे भाग हमखास जमवता येतात ते आधी जमवा. अर्थशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे उदाहरणं त्या विषयातली देतो. तुमचा विषय वनस्पतिशास्त्र असो की मराठी, फरक तपशिलाचा पडेल.

त्याआधी डोक्यातली एक प्रतिमा बाजूला ठेवावी लागेल. आपल्याकडे चांगला प्राध्यापक म्हणजे फर्डा वक्ता, असं समीकरण पक्कं बसलं आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे गावोगावी व्याख्यानमाला उभ्या राहिल्या. नांदेडच्या पीपल्स कॉलेजातले नरहर कुरुंदकर महाराष्ट्रभर बोलत फिरले. ही परंपरा मोठी आहे, मला ती मनापासून प्रिय आहे. पण तिच्यामुळे नव्या शिक्षकावर नाहक ओझं पडतं. व्याख्यानाला आलेला श्रोता स्वतःहून येतो, एक संध्याकाळ ऐकतो, त्याची परीक्षा नसते. तुमचा विद्यार्थी सकाळची एस.टी. पकडून आलेला असतो, लागोपाठचा तिसरा तास ऐकत असतो आणि चार क्रेडिटचा पेपर असेल तर सत्रभरात साठ तास तुमच्यासमोर बसणार असतो. साठही तास रंगवणारा वक्ता मला अजून भेटलेला नाही. तुम्ही वक्ते नसाल तर नसा. मुलांना काय कळलं आणि काय कळलं नाही हे दर तासाला शोधून काढणारा शिक्षक होणं कुणालाही शक्य आहे, आणि शिक्षकाची मांड पक्की होते ती तिथेच. आपण कसे दिसतो, कसे बोलतो याकडे असलेलं लक्ष मुलांच्या वह्यांकडे वळलं की निम्मी भीती गळून पडते.

आता तयारीचं बोलू. नवे शिक्षक तयारीत कमी पडतात, असं मला दिसलेलं नाही. उलट ते खूप जास्त तयारी करतात आणि मग ती सगळी अठ्ठेचाळीस मिनिटांत ओतायला जातात. तीन पुस्तकांतून काढलेल्या पंधरा पानांच्या नोट्स घेऊन वर्गात गेलं की बोलण्याचा वेग आपोआप वाढतो, फळ्याकडे पाठ राहते आणि घंटा झाली तेव्हा आपण अकराव्या पानावर असतो. तासाची तयारी एका प्रश्नापासून करा. तास संपल्यावर मुलांना कोणत्या प्रश्नाचं उत्तर देता यायला हवं, तो प्रश्न कागदावर सगळ्यात वर लिहा.

उदाहरणार्थ, ‘मागणीची लवचिकता’. क्रमिक पुस्तकात व्याख्या येते, मग पाच प्रकार, पाच आकृत्या, मग मोजण्याच्या पद्धती. या क्रमानं शिकवलं तर मुलं आकृत्या पाठ करतात आणि परीक्षेत त्यांची अदलाबदल करतात. मी निफाड-चांदवडकडच्या मुलांना शिकवताना प्रश्न असा घेईन: कांद्याचं पीक भरघोस आलं की शेतकऱ्याच्या हाती पैसा कमी का येतो? लासलगावच्या बाजारात ज्यांच्या घरचा ट्रॅक्टर उभा राहतो त्या मुलांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही, त्यांनी तो सोसलेला असतो. मग उत्तराकडे जाता येतं. कांदा निम्म्या भावात मिळाला म्हणून कुणी घरी दुप्पट खात नाही. मागणी थोडीच वाढते, भाव मात्र कोसळतो, आणि भाव गुणिले नग हा गुणाकार आधीपेक्षा लहान होतो. फळ्यावर दोन ओळींचं गणित मांडा: शंभर क्विंटल दोन हजारांनी, एकशेवीस क्विंटल बाराशेंनी. दोन लाख आणि एक लाख चव्वेचाळीस हजार. हे दिसल्यावर ‘अलवचिक मागणी’ ही संज्ञा लिहा. आता तिला मुलांच्या डोक्यात जागा मिळालेली असते. बाकीचे प्रकार पुढच्या तासाला घेतले तरी चालतात.

तासाचं सुरुवातीचं आणि शेवटचं मिनिट शब्दशः लिहून काढावं. पहिलं यासाठी की आवाज कापण्याची वेळ तीच असते आणि तोंडपाठ वाक्य ती वेळ निभावून नेतं. शेवटचं यासाठी की घंटा झाल्यावर घाईत बोललेलं कुणी ऐकत नाही. मधल्या भागाचे फक्त मुद्दे काढावेत, एका पानात मावतील एवढेच. गणित, समीकरण, सिद्धता, आकृती, जे काही फळ्यावर करायचं असेल ते आदल्या दिवशी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर स्वतः करून पाहावं. वाचून समजलेलं गणित फळ्यावर अडतं आणि त्या दोन मिनिटांच्या अडखळण्यानं नव्या शिक्षकाचा जेवढा धीर खचतो तेवढा दुसऱ्या कशानंही खचत नाही. शिवाय विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका जवळ असू द्या. परीक्षेसाठी शिकवा, असं मी म्हणत नाही. मुलांची काळजी कुठे अडकलेली आहे ते त्यांतून कळतं.

सत्राचा पहिला तास परिचयात आणि अभ्यासक्रम वाचून दाखवण्यात घालवू नका. दहा मिनिटं त्याला द्या, उरलेल्या वेळात खरंखुरं काहीतरी शिकवा. या वर्गात तास होतात, हा निरोप पहिल्याच दिवशी जातो आणि वर्षभर पुरतो. हजेरी घेताना फक्त क्रमांक पुकारू नका. नाव घ्या, मान वर करून चेहरा पाहा. महिनाभरात तीस-चाळीस नावं बसतात. नावानं प्रश्न विचारणारा शिक्षक आणि ‘ए, तिसऱ्या बाकावरचा’ म्हणणारा शिक्षक यांच्या वर्गातलं वातावरण वेगळं असतं. अनेक ज्येष्ठ सहकारी मुलांना अरे-तुरे करतात, त्यांच्या वयाला ते शोभतं आणि मुलांनाही त्यात माया वाटते. तुम्ही पंचविशीत असाल तर सुरुवातीचं सत्र ‘तुम्ही’ म्हणा. त्यानं अंतर राखलं जातं आणि मुलांना मानही मिळतो. जवळीक वाढल्यावर ‘तू’ आपोआप येईल, पण एकदा अरे-तुरे करून मग ‘तुम्ही’वर जाता येत नाही.

सगळ्यात मोठी धास्ती असते ती उत्तर न येणाऱ्या प्रश्नाची. कांद्याचाच धागा घेऊ. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, मे २०२४ मध्ये ती खुली केली, पण चाळीस टक्के निर्यातशुल्क ठेवलं. मागच्या बाकावरचा मुलगा विचारतो, “सर, त्या चाळीस टक्क्यांतले आमच्या भावातून किती गेले आणि बाहेरच्या गिऱ्हाइकानं किती भरले?” प्रश्न उत्कृष्ट आहे. कराचा भार कुणावर पडतो हा अर्थशास्त्रातला गाभ्याचा प्रश्न आहे, आणि त्याचं आकडेवारीसह उत्तर उभ्या उभ्या देणं जाणत्या प्राध्यापकालाही अवघड आहे. अशा वेळी गोल गोल बोलू नका, ‘ते आपल्या अभ्यासक्रमात नाही’ असंही म्हणू नका. प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, विचारणाऱ्याचं नाव घ्या आणि सांगा, “तत्त्व मला माहीत आहे, आकडे माहीत नाहीत. पुढच्या तासाला पाहून येतो.” आणि पुढच्या तासाची सुरुवात त्याच उत्तरानं करा. सगळी जबाबदारी या दुसऱ्या भागात आहे. ‘पाहून सांगतो’ म्हणणारे पुष्कळ असतात, सांगणारे थोडे. तुम्ही दोन-तीनदा खरंच पाहून सांगितलंत की मुलं तुमच्या शब्दावर विसंबू लागतात. त्यासाठी एक छोटी वही खिशात ठेवा आणि वर्गातून बाहेर पडताच प्रश्न टिपून घ्या. वर्षअखेरीला ती वही कोणत्याही संदर्भग्रंथापेक्षा उपयोगी ठरते, कारण तुमच्या गावच्या मुलांना काय पडतं ते तिच्यात असतं.

“समजलं का?” हा प्रश्न मात्र सोडून द्या. त्याला “हो सर” याखेरीज उत्तर येत नाही. ज्याला समजलं तो हो म्हणतो, ज्याला समजलं नाही तोही सुटका व्हावी म्हणून हो म्हणतो आणि तुम्ही अंधारातच राहता. त्याऐवजी उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न विचारा: “मीठ महाग झालं तर दुकानदाराचा गल्ला वाढेल की घटेल? वाढेल म्हणणाऱ्यांनी हात वर करा.” आणि विचारल्यावर थांबा. अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत आणि मग स्वतःच बोलायला लागत. हा थांबा तीन सेकंदांच्या पुढे नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली, उत्तरच न येण्याचं प्रमाण कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. नव्या शिक्षकाला वर्गातली शांतता आपला पराभव वाटते, म्हणून तो ती घाईनं भरून काढतो. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. मुलं तेव्हा विचार करत असतात.

अनुभवी माणसालाही आपल्या वर्गात काय चाललंय ते कळत नाही, याचं बोलकं उदाहरण हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांचं आहे. विद्यार्थी त्यांच्या शिकवण्यावर खूश होते, परीक्षेतली कठीण गणितं सोडवत होते. पण बल आणि गती यांविषयीचे अगदी साधे, आकडे नसलेले प्रश्न त्यांनी दिले तेव्हा अनेकांची मूळ समजूतच कच्ची असल्याचं दिसलं. त्यानंतर त्यांनी वर्गाची रीत बदलली: मध्येच एक प्रश्न द्यायचा, प्रत्येकानं आधी एकट्यानं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. हे आपल्या वर्गात करायला कोणतंही यंत्र लागत नाही, हात वर करणं पुरतं. मी तर म्हणेन की पहिल्या वर्षी तुम्ही दुसरं काही केलं नाहीत तरी तासात एकदा असा प्रश्न द्या. मुलं आपसांत बोलत असताना बाकांमधून फिरा, कानावर पडेल ते ऐका. कुठे चुकतंय ते दोन मिनिटांत कळतं आणि पुढची पंधरा मिनिटं काय बोलायचं हेही आपोआप ठरतं. वेगळी सोय म्हणून, आठवड्यातून एकदा शेवटची तीन मिनिटं राखून चिठ्ठ्या लिहून घ्या. आज काय कळलं, काय अडलं, नाव न लिहिता. सत्तर चिठ्ठ्या चाळायला एक चहा पुरतो.

भाषेची गोष्ट स्वतंत्र आहे आणि तिच्याबद्दल कुणी उघड बोलत नाही. बी.एस्सी. किंवा बी.कॉम.चा पेपर इंग्रजीत असतो, समोरची बहुतेक मुलं मराठी माध्यमातून आलेली असतात आणि पुष्कळदा शिक्षकही. आपलं इंग्रजी कच्चं पडेल या भीतीनं काही जण पुस्तकातली वाक्यं वाचून दाखवतात. त्यानं भाषाही सुटते आणि विषयही. मूळ कल्पना मराठीत समजावून सांगण्यात कमीपणा मानू नका. मग संज्ञा इंग्रजीत फळ्यावर लिहा, तिच्याखाली परीक्षेत लिहिता येतील अशी साध्या इंग्रजीतली दोन-तीन वाक्यं लिहा आणि मुलांकडून ती मोठ्यानं म्हणवून घ्या. उच्चाराची शंका असेल तर शब्दकोश पाहून या. वर्गात एखादी चांगलं इंग्रजी बोलणारी मुलगी असेल तर तिला बिचकू नका. ती विषय शिकायला आली आहे आणि विषय तुम्हाला तिच्यापेक्षा जास्त येतो.

शिस्तीबद्दल थोडक्यात. अंतर्गत गुणांची धमकी देऊ नका, ती एकदाच चालते. मागच्या बाकांवर कुजबुज असेल तर बोलत बोलत तिथे जाऊन उभे राहा. एखादा मुलगा सतत त्रास देत असेल तर सगळ्यांसमोर त्याचा पाणउतारा करू नका, तासानंतर व्हरांड्यात एकट्याला गाठा आणि आधी विचारा, मग सांगा. तरुण प्राध्यापिकांच्या वाट्याला मात्र जास्त कठीण प्रसंग येतात. शेरे येतात, मोबाइलवर फोटो काढले जातात, रात्री संदेश येतात. हे शिस्त राखता न येण्याचं लक्षण नाही आणि ते एकटीनं निस्तरायचंही नाही. पहिल्याच प्रसंगी विभागप्रमुखांना लेखी कळवा, गरज पडल्यास महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं ही समिती बंधनकारक केली आहे आणि शिक्षिकेलाही तिच्याकडे दाद मागता येते. ‘नवीन आहात, दुर्लक्ष करा’ असं सांगणारे सहकारी भेटतील. त्यांचं ऐकू नका.

आपल्याच महाविद्यालयात शिकण्याची जागा असते, ती म्हणजे दुसऱ्याचा वर्ग. ज्यांचा तास मुलं चुकवत नाहीत असे एक-दोन शिक्षक प्रत्येक ठिकाणी असतात. त्यांची परवानगी घेऊन मागे जाऊन बसा, विषय वेगळा असला तरी चालेल, किंबहुना वेगळाच बरा, म्हणजे आशयात अडकायला होत नाही. ते प्रश्न कधी विचारतात, फळा कसा वापरतात, उशिरा आलेल्या मुलाचं काय करतात, एवढंच पाहा. आणि स्वतःचा एखादा तास मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐका. पहिली दहा मिनिटं ऐकवत नाहीत, पण आपण किती भरभर बोलतो, प्रत्येक वाक्याला ‘म्हणजे’ लावतो का, वाक्यं शेवटी गिळतो का, हे दुसरं कुणी सांगणार नाही. घसा सांभाळा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, पाण्याची बाटली सोबत ठेवा, मोठ्या वर्गात ध्वनिक्षेपक असेल तर तो वापरायला लाजू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मालवीय मिशनखाली नव्या शिक्षकांसाठी प्रशिक्षणवर्ग चालतात, ते पदोन्नतीला लागतात म्हणून शेवटच्या क्षणी उरकण्यापेक्षा पहिल्या वर्षातच करून टाकावेत.

तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांसाठी वेगळं लिहायला हवं. महाराष्ट्रात आज असंख्य तरुण प्राध्यापक असेच काम करतात: नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती, मानधन तासांवर, तेही महिनोन्‌महिने रखडलेलं. अशा माणसाला ‘आत्मविश्वास बाळगा’ असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. त्याची अस्वस्थता शिकवण्यातून आलेली नसते, ती भरतीच्या धोरणातून आलेली असते आणि तिचं उत्तर सरकारनं द्यायचं आहे. तुम्हाला एवढंच करता येईल की या दोन गोष्टी मनात एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत. पुढच्या वर्षी नेमणूक मिळेल की नाही, यावरून आज घेतलेला तास चांगला होता की वाईट, हे ठरत नाही. नॅकच्या फाइली, प्रवेशाची टेबलं, परीक्षेच्या बैठका यांत नव्या माणसाला जुंपलं जातं, त्याला सरसकट नकार देणं शक्य नसतं. पण “उद्या दुपारी माझे दोन तास आहेत, परवा करून देतो” असं तारखेसह सांगितलं तर बहुतेक जण मान्य करतात. घेतलेल्या तासांची, केलेल्या कामाची नोंद स्वतःकडे ठेवा आणि त्यावर महिन्याच्या महिन्याला सही घ्या.

सत्र अर्ध्यावर आलं की मुलांचं मत विचारा, शेवटी विचारून त्यांना काही उपयोग नाही. पुन्हा नाव न लिहिता तीनच प्रश्न: काय चालू ठेवू, काय थांबवू, वेग कसा आहे. सत्तरातल्या दोघा-तिघांनी टोचून लिहिलेलं असेल आणि तेच तुमच्या डोक्यात घोळत राहील. चिठ्ठ्यांचे गठ्ठे करा आणि जी गोष्ट दहाहून अधिक जणांनी लिहिली तिच्यावरच विचार करा. पुढच्या तासाला वर्गाला सांगा, “बरेच जण म्हणतात मी फळा लवकर पुसतो, आजपासून थांबेन.” आणि थांबा.

अंतर्गत परीक्षेचे पेपर तपासताना शेजारी एक कोरा कागद ठेवा. गुण देता देता त्याच त्या चुका पुन्हा दिसू लागतात: मागणी घटणं आणि मागणीचं संकोचन यांत गल्लत, आकृतीत अक्षांची नावं उलटी, लवचिकतेच्या सूत्रात अंश-छेदाची अदलाबदल. सर्वांत जास्त वेळा आलेल्या तीन-चार चुका लिहून घ्या. गुण भरून देण्याच्या घाईत हा कागद हरवतो, म्हणून त्याच दिवशी आपल्या नोट्समध्ये त्या त्या घटकाच्या पानावर त्या उतरवा. पुढच्या जुलैत तो घटक शिकवायला घ्याल तेव्हा तुमच्या तयारीची सुरुवात तिथूनच होईल.